घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये फुटभराच्या कोरल कॉलनी वाढवायच्या असतील तर (माझी पद्धत, पहिल्या दिवसापासून)

फ्रॅग, म्हणजे चकतीवर चिकटवलेला कोरलचा (पोवळ्याचा) छोटा तुकडा, आणून जिवंत ठेवणं आता फार अवघड राहिलेलं नाही, बऱ्यापैकी एलईडी आल्यात, टेस्ट किट आल्यात, मीठ पण चांगलं मिळतं. पण तीन-तीन वर्षं झालेले कितीतरी टँक बघा, अजून दुकानातल्या फ्रॅगच्या ट्रेसारखेच दिसतात, चाळीस चकत्या, चाळीस रंग आणि एकही कोरल मुठीपेक्षा मोठं नाही, कारण जरा वाढलं की तोडलं, विकलं, त्या पैशात नवीन आणलं, ते बसवायला जुन्याची जागा बदलली. ती पण एक हौसच आहे, माझं काही म्हणणं नाही. मला मात्र फुटभर रुंद कॉलनी हवी होती, जिच्या फांद्यांतून मासे आत-बाहेर करतायत. ते जमायला एक टँक पूर्ण वाया गेला आणि दुसऱ्यात एक मोठी वाट लागली, ते सगळं खाली येईलच.

माझा सेटअप सांगतो म्हणजे आकडे लागतील. न्यू जर्सीत घराच्या तळघरात १२० गॅलनचा टँक आहे, ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच, खाली सम्प, म्हणजे फिल्टरची टाकी. दगडांनी घेतलेली जागा वजा करून पाणी साधारण ४०० लिटर. तळघरात का, तर नुसत्या पाण्याचं वजनच अर्धा टनाच्या आसपास जातं आणि वरच्या मजल्याच्या लाकडी फ्लोअरवर मला ती रिस्क नको होती.

भारतातून वाचताय त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच. हार्ड कोरल, काळं पोवळं, सी फॅन ही सगळी मंडळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या यादीत. समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा, त्यामुळे कुणी कितीही 'आणून देतो ना साहेब' म्हणालं तरी नादी लागू नका. बघायचीच असतील तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करा. माझे सासरे मालवणचेच, इथे आले तेव्हा टँकसमोर पाच मिनिटं उभे राहून म्हणाले, "जावयबापू, ह्यां तर आमच्या किल्ल्याकडे पाण्याखाली आसा, तुम्ही ह्याचा लाईटबिल भरतास?" खाली जे आहे ते जिथे टँकमध्ये वाढवलेली कोरलं कायदेशीर मिळतात तिथल्या लोकांसाठी.

आधी जागा आखा, पाणी नंतर

त्याच सासऱ्यांकडून मी ह्या छंदातली सगळ्यात कामाची गोष्ट शिकलो आणि त्यांना ते माहीत पण नाही. हापूसची कलमं लावताना दोन कलमांमध्ये दहा मीटर सोडतात. पहिली चार-पाच वर्षं बाग ओसाड वाटते, येणारा-जाणारा विचारतो एवढी जागा का सोडली. पण झाड वाढल्यावर ते उपटून सरकवता येत नाही ना. कोरलचं डिट्टो तसंच. एक इंचाचा फ्रॅग दिसतो एक इंचाचा, पण तुम्ही त्याची जागा ठरवताना तिथे भाकरीच्या तव्याएवढा गोल बघायचा, चार वर्षांनंतरचा.

माझा पहिला टँक इथेच गेला. दगड काचेच्या पार वरपर्यंत रचले होते, भिंतीसारखे, आणि त्यावर तीस-बत्तीस फ्रॅग. दीड वर्षात वरची कोरलं पाण्याच्या बाहेर यायला लागली, खालची अंधारात गेली, मधली एकमेकांना चावत बसली. तेव्हा दुसऱ्या टँकला हे नियम केले:

- दगडाची उंची टँकच्या उंचीच्या अर्ध्यापेक्षा कमी. माझी २४ इंच उंचीत १० इंच आहे. उरलेली उंची कोरल भरून काढतं.
- दगड मागच्या काचेला टेकवायचा नाही, हात आणि काच घासायचा मॅग्नेट जाईल एवढं अंतर चारही बाजूंना.
- भिंत नको, दोन किंवा तीन सुटी बेटं. पाणी सगळीकडून फिरलं पाहिजे.
- प्रत्येक हार्ड कोरलभोवती निदान १५ ते २० सेंटीमीटर मोकळं.

हिशेब केला तर ४ फुटी टँकमध्ये जेमतेम दहा-बारा कोरलं बसतात. हो, एवढीच. पहिलं वर्षभर टँक भकास दिसतो आणि घरचे विचारतात की अजून सामान यायचंय का.

कोणती कोरलं घ्यायची

मोठी कॉलनी म्हटलं की पहिलं नाव अॅक्रोपोराचं. नैसर्गिक रीफवर फांद्यांची अॅक्रोपोरा वर्षाला १० ते २० सेंटीमीटर वाढू शकते, तर गोळ्यासारखी पोरायटीस सेंटीमीटरभर. घरी समुद्राएवढं मिळणार नाही, पण गणित तेच, फांद्यावाली लवकर मोठी होतात. मिलेपोरा आणि टेन्युइस ह्या दोन जाती मला तरी समजूतदार वाटल्या. पण पहिलंच कोरल अॅक्रोपोरा घेऊ नका. आधी मॉन्टिपोरा डिजिटाटा, बर्ड्सनेस्ट, स्टायलोफोरा, ही लावा, ही चुका सोसतात. मॉन्टिपोरा कॅप्रिकॉर्निस म्हणून एक आहे ती सुपासारखी पसरते, एकावर एक थर, दिसायला झकास, फक्त तिच्याखाली जे काही असेल ते सावलीत मरणार हे धरून चाला. म्हणून ती खाली एका कोपऱ्यात.

हॅमर, फ्रॉगस्पॉन, टॉर्च ह्यांच्या पण मस्त झुपकेदार कॉलनी होतात आणि प्रकाश-फ्लो कमी लागतो. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन शेजारी सहसा भांडत नाहीत, टॉर्च मात्र दोघांनाही चावते, तिला लांब ठेवा. गॅलेक्सियाचे डंखाचे धागे रात्री कितीतरी लांब जातात, सकाळी शेजारचं कोरल एका बाजूने पांढरं दिसलं तर काम गॅलेक्सियाचंच. ग्रीन स्टार पॉलिप मुख्य दगडावर कध्धीच नको, काँग्रेस गवतासारखं पसरतं आणि निघत नाही.

झोअँथिड किंवा पॅलिथोआ ठेवणार असाल तर तोडताना हातमोजे आणि चष्मा हवाच हवा. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं आणि ते माणसाचा जीव घेणारं विष आहे. ते चिकटलेले दगड साफ करायला उकळायचे तर बिलकुल नाहीत, वाफेतून अख्खं घर दवाखान्यात जाईल.

पाणी

हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं म्हणून भरभर. नळाचं पाणी नको, क्षार काढून टाकणाऱ्या आरओडीआय फिल्टरचं घ्यायचं आणि टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे घनता १.०२६ च्या आसपास, आणि रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणानेच जुळवून घ्या. तापमान २५ ते २६. कॅल्शियम ४२० ते ४४०, मॅग्नेशियम १३०० ते १३५० पीपीएम (दहा लाखांत एवढे भाग), अल्कॅलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, मी ८ डीकेएचवर ठेवतो (डीकेएच हे ती मोजायचं एकक). नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, हे पण पीपीएममध्येच. शेवटचे दोन शून्यावर नेऊ नका, पूर्वी लोक न्यायचे, मग कोरल फिकट पडायचं आणि वाळूवर तपकिरी बुळबुळीत डायनोफ्लॅजेलेट यायचे, ते काढता काढता नाकी नऊ येतात. मासे भरपूर ठेवा, भरपूर खायला घाला आणि चांगला स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) लावा, हा त्यातला सोपा मार्ग. माशांची घाण म्हणजेच कोरलचं खत.

टँक नवीन असेल तर अॅक्रोपोरा निदान सहा-आठ महिने आणू नका. दगडावर जांभळं-गुलाबी कोरलाइन शेवाळ पसरायला लागलं की समजायचं टँक रुळतोय.

प्रकाश आणि फ्लो

प्रकाश पीएआर मीटरने मोजा (पीएआर म्हणजे कोरलच्या कामी येणारा प्रकाश), तो मीटर विकत घ्यायची गरज नाही, भाड्याने किंवा कुणाकडून मागून दोन दिवसांसाठी आणला तरी काम होतं. अॅक्रोपोरा २५० ते ३५०, मॉन्टिपोरा २०० च्या आसपास, हॅमर-टॉर्चवाली ७५ ते १५०. मोठी कॉलनी हवी असेल तर एका बिंदूतून येणारा प्रकाश पुरत नाही, फांद्यांच्या खालचा भाग काळोखात जाऊन सोलवटतो. म्हणून दिवे दोन-तीन जागी पसरून लावा, किंवा मी करतो तसं मध्ये एलईडी आणि दोन्ही कडांना टी-५ ट्यूब. ट्यूब जुन्या पद्धतीच्या आहेत, वर्षाला बदलाव्या लागतात, पण सगळ्या बाजूंनी पडणारा असा मऊ प्रकाश मला अजून दुसऱ्या कशात दिसला नाही. नवीन फ्रॅग थेट वर ठेवायचा नाही, आधी खाली, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर, किंवा दिव्यांची टक्केवारी कमी करून वाढवत न्या.

फ्लो म्हणजे पाण्याचा झोत. पंपांचा एकूण आकडा टँकच्या ४० ते ६० पट ताशी, म्हणजे माझ्या ४०० लिटरला १६,००० ते २४,००० लिटर. पण आकड्यापेक्षा तो झोत बदलता हवा, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, समोरासमोर येऊन फुटणारा. एकाच बाजूने सतत मारलात तर त्या बाजूची कातडी सोलून निघते.

आणलेला फ्रॅग थेट टँकमध्ये टाकू नका

इथे आळस केला तर सगळंच गेलं. अॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे असतात, कोरलच्या रंगाचेच, डोळ्यांना दिसत नाहीत, फक्त त्यांनी चावलेले गोल-गोल फिकट ठिपके दिसतात. लाल बग असतात, टाचणीच्या टोकाहून बारीक. मॉन्टिपोराला पांढरे न्युडीब्रँक, म्हणजे बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी. फ्रॅगवर हे मिळाले तर काढता येतात, पण टँकमध्ये फुटभराच्या कॉलनीवर हे झाले तर तुम्ही ती दगडासकट बाहेर काढून बुडवणार कशी?

१. एक डबा टँकच्या पाण्याचा, त्यात कोरल डिप औषध बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात. दुसरा डबा साध्या टँकच्या पाण्याचा, धुवायला.

२. फ्रॅग औषधात १० मिनिटं, मधूनमधून ड्रॉपरने जोरात पाणी मारायचं. डबा पांढरा घ्या म्हणजे तळाला काय पडलं ते दिसतं, मला एकदा एका फ्रॅगमधून सात चपटे किडे मिळाले, तो फ्रॅग वरून नवाकोरा दिसत होता.

३. मूळ चकती तोडून फेकून द्या. अंडी बहुतेक तिच्यावर किंवा कोरलच्या बुडाशी मेलेल्या भागावर असतात आणि औषधाने अंडी मरत नाहीत.

४. म्हणूनच वेगळ्या छोट्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे ठेवून दर आठवड्याला परत डिप. कंटाळवाणं आहे, माहितीय.

मग सुपरग्लूची जेल आणि इपॉक्सीचा गोळा, गोळ्याच्या दोन्ही बाजूंना जेल, आणि जागेवर घट्ट दाबून एक मिनिट. फ्रॅग जरा जरी हलत राहिला तर तो बूड धरत नाही आणि सहा महिने तसाच राहतो.

पहिलं वर्ष: हात खिशात

फ्रॅग बसवल्यावर दोन-चार महिने वाटतं काहीच होत नाहीये. होत असतं, तो बुडाशी पसरत असतो, दगडावर पातळ थर, कडेला पांढरी रेघ. ती पांढरी कड हेच वाढीचं लक्षण. बूड रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं झालं की मग एकदम फांद्या सुटतात, आणि मग वेग बघा. माझ्या हिरव्या मिलेपोराने पहिले सात महिने नुसतं बूड पसरलं, वर्षाअखेर लिंबाएवढी होती, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नारळाएवढी, चौथ्या वर्षी आडवी १४ इंच.

ह्या काळात जागा बदलू नका, फिरवू नका, 'जरा तिकडे जास्त खुलेल' असं वाटलं तरी नाही. कोरल त्या जागच्या प्रकाश-फ्लोप्रमाणे अंग घडवतं, दर वेळी हलवलंत की परत पहिल्यापासून. दिव्यांची सेटिंग बदलणं, नवीन जादूची बाटली आणून ओतणं, हे पण हलवण्यातच धरा.

अल्कॅलिनिटी, म्हणजे खरा खेळ

आता जरा सविस्तर, कारण मोठ्या कॉलनी मरतात त्या बहुतेक इथे मरतात.

कोरल आपला सांगाडा बनवतं कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी दोन्ही ओढतं, ठराविक प्रमाणात, २.८ डीकेएच गेली की साधारण २० पीपीएम कॅल्शियम जातं. कॅल्शियमचा साठा पाण्यात मोठा आहे, एक-दोन दिवस चुकलं तरी कळत पण नाही. अल्कॅलिनिटीचा साठा छोटा, तिथे चूक लगेच लागते.

दहा फ्रॅग असतात तेव्हा टँक दिवसाला ०.२-०.३ डीकेएच खातो, पाणी बदललं तरी भागतं. आणि लोक इथेच फसतात, कारण कॉलनी वाढली की खाणं सरळ रेषेत वाढत नाही. फांदीला फांदी फुटते, वाढणारी टोकं दुप्पट-चौपट होतात. माझ्या टँकने चौथ्या वर्षी दिवसाला २ डीकेएच गाठली. म्हणजे ४०० लिटरला दिवसाला १४ ग्रॅम दगड तयार होतोय, वर्षाला पाच किलोच्या वर. टँकमध्ये किलोकिलोने दगड वाढतोय आणि तो तुम्ही डब्यातून पावडर घालून बनवताय, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं.

खाणं मोजायचं असं: दोन दिवस डोसिंग बंद करा, रोज एकाच वेळी, म्हणजे मी सकाळी दिवे लागायच्या आधी, अल्कॅलिनिटी टेस्ट. सोमवारी ८.५, मंगळवारी ७.८, बुधवारी ७.१ आली तर रोजचं खाणं ०.७. (खाणं १ च्या वर असेल तर एकच दिवस बंद ठेवा, आणि आकडा ७ च्या खाली जायच्या आत डोस सुरू.) हे दर महिन्याला एकदा. नुसतं 'आज ८ आहे, झालं' असं बघून उपयोग नाही.

भरून काढायचे तीन मार्ग.

एक, चुन्याची निवळी. हो, तीच, आपली. जर्मन लोक तिला काल्कवासर म्हणतात, म्हणजे शब्दशः चुन्याचं पाणी. टँकमधून रोज जे पाणी उडून जातं ते भरताना साध्या पाण्याऐवजी निवळी घालायची, कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी दोन्ही बरोब्बर प्रमाणात मिळतात आणि पीएच पण वाढतो. लिटरला साधारण दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साईड विरघळतं, बाकी तळाला बसतं, वरचं नितळ पाणी घ्यायचं. एक लिटर निवळीने ४०० लिटरला सुमारे ०.२८ डीकेएच मिळते. माझ्याकडे दिवसाला ५ लिटर पाणी उडतं म्हणजे १.४. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो म्हणून थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री, एकदम गेली तर पाणी दुधासारखं होऊन सगळं संपतं. आणि पानाचा चुना वापरू नका हां, त्यात काय काय असतं देव जाणे, शुद्ध पावडर घ्या.

दोन, टू-पार्ट. एका डब्यात सोड्याचं द्रावण, दुसऱ्यात कॅल्शियम क्लोराईडचं, आणि डोसिंग पंप, दोन्ही वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जागी. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. सोडा म्हणजे नुसता सोडा, बेकिंग पावडर नव्हे. ४०० लिटर, रोज २ डीकेएच, म्हणजे २४ ग्रॅम, वर्षाला पावणेनऊ किलो. बायको म्हणते ह्यात गावजेवणाचे ढोकळे झाले असते. दिवसाचा डोस एकदम न देता निदान बारा भागांत द्या.

तीन, कॅल्शियम रिअॅक्टर. सीओटू सोडून कोरलचाच जुना दगड विरघळवायचा. खाणं खूपच वाढलं तर स्वस्त पडतो, पण पीएच खाली ओढतो आणि जुळवायला दोन आठवडे डोकं खातो. मी निवळी आणि टू-पार्ट मिळून भागवतो.

आता ती वाट. भाचीच्या लग्नाला तीन आठवडे पुण्याला गेलो होतो. मित्र रोज येऊन माशांना खायला घालत होता. सोड्याच्या डब्यातली नळी वर सरकली आणि पंप चार दिवस नुसती हवा ओढत राहिला, पंपाच्या स्क्रीनवर मात्र डोस दिल्याची नोंद टापटीप. मित्राने पाचव्या दिवशी टेस्ट केली तर ५.२, निवळी चालू होती म्हणून तेवढी तरी राहिली. त्याचा फोन आला तेव्हा मी हळदीच्या गोंधळात होतो, काही विचार न करता सांगितलं, 'डब्यातलं एवढं-एवढं ओत, परत आठवर आण'. त्याने आणली, एका संध्याकाळीत. तिसऱ्या दिवशी मिलेपोराची कातडी बुडापासून लोंबायला लागली, ओल्या पेपरसारखी, मित्राने व्हिडिओ पाठवला त्यात मासे त्या चिंध्या ओढून खात होते. चौदा इंची कॉलनी अडीच दिवसांत पांढरी. त्याची काही चूक नव्हती, मी सांगितलं तेच त्याने केलं. ५.२ वर कोरलं जिवंत होती, मरण आलं ते एकदम वर चढवल्याने, असं मला आजही वाटतं. तेव्हापासून घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, टँकच्या दारावर मराठीत चिठ्ठी पण आहे: अल्कॅलिनिटी कितीही पडलेली असू दे, दिवसाला अर्धा डीकेएचपेक्षा जास्त वाढवायची नाही. आणि डब्यांवर मार्करने रेघा मारल्यात, आठवड्याला पातळी किती उतरली पाहिजे त्याच्या. पंपाच्या स्क्रीनपेक्षा त्या रेघेवर विश्वास ठेवा.

पाणी बदलताना पण हेच लक्षात ठेवा, काही मिठांची अल्कॅलिनिटी ११-१२ असते, टँक ८ वर असेल तर मोठा पाणीबदल म्हणजे धक्काच.

हिवाळ्यातला पीएच

थंड देशातल्या मंडळींना हे लागेल. डिसेंबरात घर बंद, आत चार माणसं आणि गॅसची शेगडी, हवेत सीओटू वाढतो, तो पाण्यात उतरतो, पीएच ७.८ वर येतो आणि वाढ मंदावते. काही ओतू नका. स्किमरला हवा ओढणारी नळी भिंतीतून बाहेर काढा, माझा पीएच तेवढ्यानेच ८.१ वर गेला. ते जमत नसेल तर नळीला सीओटू शोषणाऱ्या सोडा लाईमचा डबा लावा.

कॉलनी मोठी झाली, आता तीच स्वतःची शत्रू

नारळाएवढी झाली की नवीन दुखणी सुरू. दाट फांद्यांमधून पाणी आत जात नाही, आत घाण साचते आणि मधून कॉलनी मरायला लागते, बाहेरून कळत पण नाही. महिन्यातून एकदा टर्की बेस्टर, म्हणजे तो मोठा रबरी फुग्याचा ड्रॉपर, घेऊन फांद्यांच्या मधोमध पाणी मारा, किती कचरा निघतो ते बघा. पंपांच्या जागा वर्षातून एकदा परत तपासा, दोन वर्षांपूर्वी जिथे झोत पोचत होता तिथे आता कोरलची भिंत उभी आहे. चिमटीभर फ्लेक टाका आणि ते कुठे अडतं ते बघत बसा, त्याहून चांगली टेस्ट मला माहीत नाही.

पोसिलोपोरात ट्रॅपेझिया किंवा अॅक्रोपोरात टेट्रालिया जातीचे छोटे खेकडे मिळाले तर राहू द्या, ते फांद्यांतला कचरा काढतात आणि आलेल्या शत्रूला चिमटे घेतात.

आणि छाटणी. तोडायला जीव धजत नाही, माहितीय, पण दोन कॉलनींमध्ये दोन बोटांचं अंतर उरलं की कात्री काढायची वेळ झाली. हाडं कापायच्या कटरने आतल्या, सावलीतल्या, शेजाऱ्याकडे झुकलेल्या फांद्या बुडाशी तोडा, वरचा घुमट तसाच ठेवा. एका दिवशी एक-पंचमांशपेक्षा जास्त नाही. लक्षात ठेवा, खूप छाटलंत तर खाणं एकदम कमी होतं आणि जुनाच डोस चालू राहिला तर अल्कॅलिनिटी वर चढते, म्हणून छाटणीनंतरचा आठवडाभर रोज टेस्ट. तोडलेल्यातले दोन-चार तुकडे ओळखीच्या रीफवाल्यांकडे लावून ठेवा, माझी ती मेलेली मिलेपोरा आज टँकमध्ये परत आहे, मित्राला दिलेल्या तुकड्याचा तुकडा.

लाईट गेली तर

२९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्याला धडकलं आणि आमच्याकडे सहा दिवस लाईट नव्हती. तेव्हा कळलं की पहिल्यांदा थंडी मारत नाही, अंधार पण मारत नाही, पाणी थांबलं की ऑक्सिजन संपतो आणि तो मारतो. कोरलं दोन दिवस अंधारात राहू शकतात, पण मोठमोठ्या कॉलनी आणि मासे रात्री मिळून ऑक्सिजन ओढतात तेव्हा थांबलेल्या पाण्यात काही तासच हातात असतात. म्हणून दिवे-हीटरचं नंतर बघा, आधी एक वेव्हमेकर (टँकमधला झोत फिरवणारा पंप) बॅटरीवर, तो पाण्याचा पृष्ठभाग ढवळेल असा तिरका. सोबत दोन बॅटरीचे एअर पंप, शंभर-दोनशे डॉलरच्या कोरलपेक्षा स्वस्त. बॅटरी घेऊन कपाटात ठेवलेली असते आणि नेमक्या वेळी ती मेलेली निघते, म्हणून मी वर्षातून दोनदा, घड्याळं पुढे-मागे करायचा रविवार येतो ना, त्या रात्री पंपाचा प्लग काढून त्याला बॅटरीवर सकाळपर्यंत चालू ठेवतो आणि उठल्यावर आधी तळघरात जाऊन आवाज येतोय का ते ऐकतो.